संघटनेची सभासद नोंदवही, वर्गणी आणि प्रशिक्षण: बेळगाव परिसरातल्या व्यावसायिक संघटनांसाठी सविस्तर मार्गदर्शक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात जवळजवळ प्रत्येक व्यवसायाची संघटना आहे. डॉक्टरांची, औषध विक्रेत्यांची, कर सल्लागारांची, सिव्हिल इंजिनिअरांची, वीज ठेकेदारांची, फाउंड्रीतल्या तंत्रज्ञांची. कारभाराचं चित्र मात्र बरंचसं सारखंच दिसतं: सचिवांच्या लॅपटॉपवर एक एक्सेल फाइल, खजिनदारांकडे पावतीपुस्तक, आणि निरोपांसाठी दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुप. मग कुणीतरी सुचवतं की संघटनेचं ॲप काढू. पैसे जातात, ॲप येतं, वर्षभरात ते कुणी उघडत नाही.

ॲप चालत नाही, कारण त्यात भरायला धड यादीच नसते आणि सभासदाने ते उघडावं असं आत काही नसतं. सभासद वर्गणी भरत राहतो तो आपल्या कामाला उपयोगी पडेल असं काही शिकायला मिळतं म्हणून. आणि शिकवणं तेव्हाच जमतं, जेव्हा कोण सभासद आहे, कुठे काम करतो, कुठली भाषा वाचतो हे संघटनेला नीट माहीत असतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी नोंदवही, मग वर्गणी आणि निरोप, मग प्रशिक्षण. सॉफ्टवेअरवर खर्च करायचाच असेल तर तो सगळ्यात शेवटी. इथे दिलेली पद्धत ५० ते ५०० सभासदांच्या संघटनेला पुरेल, आणि त्यातलं जवळजवळ सगळं मोफत साधनांवर होतं.

नोंदवही: एकच, आणि संघटनेच्या मालकीची

पहिलं काम संघटनेच्या नावाने स्वतंत्र ईमेल खातं उघडण्याचं. सचिवांच्या खासगी खात्यावर नोंदवही ठेवली तर सचिव बदलले की नोंदवही जाते. खातं उघडताना परत मिळवण्यासाठीचा मोबाईल नंबर अध्यक्षांचा आणि पर्यायी ईमेल खजिनदारांचा द्या, म्हणजे एकाच माणसाच्या हातात किल्ली राहत नाही. दुहेरी पडताळणी चालू करा. तिचे राखीव कोड कागदावर छापून कार्यालयाच्या कपाटात, ठरावांच्या फाइलसोबत ठेवा.

मग गूगल शीटमध्ये एक पान तयार करा. रकाने एवढेच पुरेत:

१. सभासद क्रमांक
२. नाव, इंग्रजी स्पेलिंगमध्ये, व्यवसाय परवान्यावर किंवा पदवीवर आहे तसं
३. नाव, मराठीत किंवा कन्नडमध्ये, सभासद स्वतः लिहितो तसं
४. मोबाईल
५. ईमेल
६. कामाचं ठिकाण आणि तालुका
७. व्यवसायातली शाखा
८. निरोप कुठल्या भाषेत हवा: मराठी, कन्नड की इंग्रजी
९. सभासदत्वाचा प्रकार आणि सुरू झाल्याची तारीख
१०. वर्गणी कुठपर्यंत भरली आहे
११. माहिती वापरायला संमती दिल्याची तारीख

सभासद क्रमांक साधा चार अंकी ठेवा, ०००१ पासून. त्यात तालुक्याची किंवा वर्षाची खूण घालू नका. माणूस निपाणीहून बेळगावला येतो, आजीव सभासद होतो, आणि क्रमांकातली खूण खोटी ठरते. सभासदत्व संपलं तरी तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही.

नाव दोनदा लिहायला लावतो त्याला कारण आहे. सीमाभागात एकाच माणसाचं नाव आधारवर एका तऱ्हेने, पदवीवर दुसऱ्या तऱ्हेने आणि दुकानाच्या पाटीवर तिसऱ्या तऱ्हेने असतं. आडनाव पुढे की मागे, वडिलांचं नाव पूर्ण की आद्याक्षर, यातही मराठी आणि कन्नड रीत वेगळी पडते. प्रमाणपत्रावर कुठलं नाव छापायचं हे नोंदणीच्या वेळीच ठरलं नाही, तर प्रत्येक कार्यशाळेनंतर दहा-पंधरा प्रमाणपत्रं पुन्हा काढावी लागतात.

जुनी यादी आत आणताना तीन अडचणी येतातच.

पहिली फॉन्टची. जुन्या मराठी याद्या श्रीलिपीसारख्या आणि कन्नड याद्या नुडीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या युनिकोडमध्ये नसल्यामुळे दुसऱ्या संगणकावर निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. त्यासाठी रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार यांत चुका राहतात. यादी दोनशे नावांची असेल तर रूपांतरानंतर प्रत्येक नाव डोळ्यांखालून घाला. दोघांनी मिळून बसलं तर एका बैठकीत होतं. यादी त्याहून लहान असेल तर नव्याने टाइप केलेली बरी.

दुसरी अडचण एक्सेलची. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची फाइल, थेट दोनदा क्लिक करून उघडली की देवनागरी आणि कन्नड अक्षरांचा चुथडा होतो. फाइल तशी उघडू नका. आधी कोरं एक्सेल उघडा, डेटा मेनूतून मजकूर फाइल आत घ्या आणि फाइलचा प्रकार ६५००१, म्हणजे यूटीएफ-८ निवडा.

तिसरी मोबाईल नंबरची. ९१ लावलेला बारा अंकी नंबर एक्सेल संख्या समजतं आणि ९.१९ई+११ असं काहीतरी दाखवतं. त्यात फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली की शेवटचे आकडे कायमचे जातात. नंबर भरण्याआधीच तो रकाना मजकूर प्रकारचा करा. सभासद क्रमांकाचंही तसंच, नाहीतर ०१४७ चा १४७ होतो.

पुढचं पाऊल खात्री करण्याचं. प्रत्येक सभासदाला त्याची नोंद पाठवा आणि दुरुस्ती मागवा. संपूर्ण यादी पीडीएफ करून ग्रुपवर टाकणं ही फार रुळलेली आणि फार वाईट सवय आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेत संघटनाही येतात. सभासदाची माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, आणि त्याला तसं स्पष्ट सांगून संमती घ्यायची. आधारची प्रत तर मागूच नका. सभासदत्वासाठी तिचा उपयोग नाही आणि ती सांभाळण्याची जबाबदारी विनाकारण गळ्यात पडते. व्यवसाय परवान्याचा किंवा कौन्सिलच्या नोंदणीचा क्रमांक पुरेसा आहे.

संघटना कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली नोंदलेली असेल, तर दर वर्षी कार्यकारिणीची यादी आणि तपासलेले हिशेब निबंधकांकडे द्यावे लागतात. मतदानाचा हक्क कुणाला, गणसंख्या पुरी झाली का, हे सगळं याच नोंदवहीवरून ठरतं. म्हणून सर्वसाधारण सभेच्या नोटिशीच्या दिवशी नोंदवहीची एक प्रत गोठवून ठेवा: पीडीएफ काढा, तारीख घाला, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या घ्या. सभेत वाद झाला तर तोच आधार. सभा ऑनलाइन घ्यायची असेल तर आधी नियमावली वाचा. तिच्यात तशी तरतूद नसेल तर निवडणूक आणि नियमबदल हे विषय प्रत्यक्ष सभेतच घ्या.

वर्गणी

संघटनेच्या बँक खात्याला जोडलेला यूपीआय क्यूआर घ्या. खजिनदारांच्या खासगी क्यूआरवर वर्गणी घेतली की हिशेब तपासणीत उत्तर द्यावं लागतं आणि त्या माणसाच्या आयकराच्या कागदपत्रांतही गुंता होतो.

पैसे येतात पण कुणाचे ते कळत नाही, हीच इथली खरी डोकेदुखी. बायकोच्या किंवा मुलाच्या फोनवरून पैसे भरलेले असतात, बँकेच्या उताऱ्यात भलतंच नाव येतं. उपाय सोपा आहे. पैसे भरल्यावर सभासदाने एक छोटा फॉर्म भरायचा: सभासद क्रमांक, रक्कम आणि यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक. स्क्रीनशॉट मागू नका. तो खोटा बनवता येतो आणि त्यावरून आकडे टाइप करत बसावं लागतं. आठवड्यातून एकदा बँकेचा उतारा उतरवून घ्या, संदर्भ क्रमांक जुळवा, जुळलेल्यांना पावती पाठवा. न जुळलेल्या रकमा वेगळ्या पानावर काढा आणि महिन्याच्या आत निकाली लावा. मार्चअखेरपर्यंत ठेवल्या तर कुणालाच काही आठवत नाही.

जीएसटीबद्दल एवढंच: सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये आहे. वर्गणी, कार्यशाळांची फी, जाहिराती, प्रदर्शनातल्या स्टॉलचं भाडं सगळं धरून त्या आकड्याजवळ जात असाल तर वर्ष संपायची वाट न बघता सीएंशी बोला. सभासद आणि संघटना यांच्यातल्या व्यवहारावरच्या कराचा प्रश्न न्यायालयांतही गेलेला आहे, ग्रुपवरच्या सल्ल्यावर विसंबू नका.

निरोप पोहोचतात का

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १०२४ जण बसतात, म्हणून सगळं तिथेच चालवायचा मोह होतो. पण चर्चेच्या ग्रुपवर टाकलेली नोटीस सुप्रभातच्या फुलांखाली तासाभरात बुडते. दोन ग्रुप करा: एक फक्त पदाधिकारीच लिहू शकतील असा, दुसरा चर्चेचा. पहिल्यावर आठवड्याला दोनपेक्षा जास्त निरोप जाऊ देऊ नका. तिसरा निरोप गेला की लोक तो ग्रुप म्यूट करतात.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण चालतात, पण निरोप फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलाय. पाठवणाऱ्याला वाटतं सगळ्यांना गेला. म्हणून नव्या सभासदाला पहिल्याच दिवशी संघटनेचा नंबर जतन करायला सांगा आणि त्याच्याकडून एक उत्तर मागवा.

जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात नेटवर्क जातं तेव्हा साधा एसएमएस बरा पडतो. घाऊक एसएमएससाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे संघटनेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची मोबाईल कंपन्यांच्या डीएलटी या यंत्रणेवर नोंदणी लागते. ती व्हायला वेळ लागतो, कार्यक्रमाच्या आठवड्यात सुरुवात करून उपयोग नाही. शिवाय इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो, तर मराठी किंवा कन्नड एसएमएस ७० चाच, आणि त्यात काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते. लांबलचक आदरार्थी सुरुवात केली तर तारीख-वेळ यायच्या आधीच दुसरा एसएमएस सुरू होतो आणि खर्च दुप्पट होतो. विषय, वार, वेळ, जागा एवढंच लिहा.

प्रशिक्षण: विषय आणि वेळ आधी ठरवा

वक्ता मिळाला म्हणून विषय ठरवणं ही बहुतेक फसलेल्या कार्यक्रमांची सुरुवात असते. विषय सभासदांच्या कामातल्या अडचणीतून काढा. नोंदवहीतल्या शाखेच्या रकान्यावरून दहा-बारा जण निवडा आणि फोनवर एकच प्रश्न विचारा: गेल्या तीन महिन्यांत कामात कुठे अडलं? उत्तरं फार नेमकी येतात. औषध विक्रेता शेड्यूल एच-१ मधल्या, म्हणजे विक्रीवर खास नियंत्रण असलेल्या औषधांच्या नोंदवहीबद्दल बोलेल. ती तीन वर्षं जपावी लागते आणि तपासणीत तिथेच चूक सापडते. लशी आणि इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात, त्यात वीज गेल्यावर काय करायचं हा दुसरा विषय. सिव्हिल इंजिनिअर १५० मिलिमीटरचे काँक्रीटचे क्यूब साइटवर नीट भरले जात नाहीत म्हणून २८ दिवसांचा ताकदीचा निकाल कमी येतो असं सांगेल. यातली प्रत्येक अडचण दोन तासांच्या चांगल्या वर्गाची आहे.

वर्षाचं वेळापत्रक व्यवसायाच्या हंगामावर बसवा. चिकोडी-अथणी भागात साखर कारखाने चालू असताना तिथले इंजिनिअर आणि केमिस्ट येऊ शकत नाहीत, त्यांचे वर्ग पावसाळ्यात घ्या. सिव्हिलवाल्यांचंही काम पावसात मंदावतं. डॉक्टरांचं नेमकं उलट: पावसाळ्यात दवाखाने भरलेले असतात. कर सल्लागारांना जुलैचा उत्तरार्ध आणि विवरणपत्रांच्या मुदतींचे आठवडे नकोत. फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांना मार्च नको, कारण मार्चअखेरचा माल बाहेर काढायचा असतो. गणपतीचे दिवस सगळ्यांनाच नकोत.

जागाही विचार करून निवडा. निपाणी बेळगावपासून साधारण ७५ किलोमीटर, खानापूर २५. संध्याकाळी सहाचा वर्ग बेळगावात ठेवला तर निपाणीचा माणूस येत नाही, आणि दोन वर्षांनी वर्गणीही भरत नाही. वर्षातले निदान दोन वर्ग निपाणी किंवा चिकोडीला घ्या.

एक वर्ग जवळून: फाउंड्रीतली वाळू चाचणी

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा भागातल्या फाउंड्र्यांमध्ये बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या ओतकामात वायूची छिद्रं, वाळू निसटणं, पृष्ठभाग खरबरीत येणं या नेहमीच्या तक्रारी. त्यांतल्या बऱ्याच साच्यांसाठीच्या ओल्या वाळूच्या तयारीशी जाऊन भिडतात. या विषयावर पर्यवेक्षकांसाठी संघटनेने वर्ग कसा घ्यावा, ते पायरी-पायरीने बघू.

दहा दिवस आधी: ज्यांच्याकडे वाळू चाचणीची साधनं आहेत अशी जागा ठरवा. केएलएस गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उद्यमबागेतच आहे, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं (व्हीटीयू) आवार मच्छेला. १९५० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन या राष्ट्रीय संस्थेची बेळगाव शाखा आहे, तिथे अनुभवी वक्ते मिळतात. वाळू ठोकून नमुना बनवायच्या एका साधनामागे, म्हणजे रॅमरमागे, सहापेक्षा जास्त माणसं नकोत. बारा माणसं असतील तर दोन रॅमर, दोन वजनकाटे. चाळीस जणांना बोलावून एकाने करून दाखवलं तर ते व्याख्यान होतं, प्रशिक्षण होत नाही.

चार दिवस आधी: चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ पाठवा. नमुना कुठून घ्यायचा, तीन ठोके कसे द्यायचे, एवढंच त्यात दाखवा. यूट्यूबवर असूचीबद्ध म्हणून चढवा, म्हणजे दुवा असलेल्यांनाच दिसतो. व्हॉट्सॲपवर थेट पाठवलेली फाइल दबून येते आणि काट्यावरचे आकडे वाचता येत नाहीत. सोबत पाच प्रश्नांची चाचणी पाठवा.

वर्गाच्या दिवशी, पहिली ४० मिनिटं: प्रत्येकाने आपल्या फाउंड्रीतून घट्ट झाकणाच्या डब्यात वाळू आणायची. हा डबा फार महत्त्वाचा. उघड्या पिशवीतून आणलेल्या वाळूतलं पाणी वाटेतच उडतं आणि सगळी मोजमापं खोटी येतात. ५० ग्रॅम वाळू १०५ ते ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवायची, वजनातला फरक दुप्पट केला की ओलाव्याचा टक्का मिळतो. ५० ग्रॅमचे ४८.३ झाले तर ओलावा ३.४ टक्के. तोच नमुना कार्बाइडच्या ओलावामापकावरही तपासायचा आणि फरक लिहून ठेवायचा.

पुढची ५० मिनिटं: ५० मिलिमीटर व्यासाचा, ५० मिलिमीटर उंचीचा नमुना तीन ठोक्यांत तयार करायचा. त्यासाठी दीडशे ग्रॅमच्या आसपास वाळू लागते. उंची चुकली तर वजन थोडं बदलून पुन्हा. मग वायुपारगम्यता (वाळूतून वायू किती सहज जातो) आणि ओली दाबशक्ती (ओला नमुना किती दाब सोसतो). कॉम्पॅक्टेबिलिटी वेगळी घ्यायची: वाळू चाळणीतून नळीत सैल पडू द्यायची, वरून सपाट करायची, तीन ठोके, आणि उंची किती टक्के कमी झाली ते वाचायचं. वाळू चाळणीतून न पाडता हाताने भरली की आकडा कमी येतो, आणि ती चूक प्रत्येक वर्गात कुणीतरी करतंच.

शेवटची ३० मिनिटं: प्रत्येकाचे आकडे एकाच सामायिक शीटवर, पडद्यावर. आता खरी चर्चा होते. मिलरपाशी, म्हणजे वाळू मळायच्या यंत्रापाशी घेतलेल्या नमुन्यात ओलावा ठीक आणि साच्यापाशी कमी, असं दिसलं तर परतीची वाळू गरम आहे हे बहुतेक वेळा कारण असतं. वाळू गरम असली की पाणी वाटेत उडतं, पर्यवेक्षक मिलरवर पाणी वाढवतो, आणि मग कधी छिद्रं तर कधी वाळू निसटणं असा लपंडाव सुरू होतो. म्हणून नमुना साच्याच्या जागी घ्यायचा, आणि वाळूचं तापमानही लिहायचं.

तंत्रज्ञानाचा खरा उपयोग वर्गानंतरच्या चार आठवड्यांत होतो. प्रत्येकाने रोज पाळीच्या सुरुवातीला आपले चार आकडे एका छोट्या फॉर्ममध्ये भरायचे: ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी, पारगम्यता, वाळूचं तापमान. फाउंड्रीचं नाव न घालता सांकेतिक क्रमांक घाला, नाहीतर स्पर्धकाला आकडे दिसतील या भीतीने कुणी खरं भरत नाही. दर शनिवारी वक्त्याने त्या आकड्यांवर पाच मिनिटांचा ध्वनिसंदेश पाठवायचा. दोन तासांच्या व्याख्यानाने जी सवय लागत नाही ती या चार आठवड्यांत लागते, कारण माणूस स्वतःचे आकडे रोज बघतो. औषध विक्रेत्यांसाठी फ्रिजचं तापमान, सिव्हिलवाल्यांसाठी स्लंप (ओलं काँक्रीट किती खाली बसतं ते) आणि क्यूबचे निकाल, असं हेच कुठल्याही व्यवसायाला लावता येतं.

भाषा

सभासद मराठी असले तरी त्यांच्या हाताखालचे कामगार कन्नड, मराठी, हिंदी असे तिन्ही असतात. वर्ग मराठीत घ्या, पण हातात द्यायचा एक पानाचा कागद मराठी आणि कन्नड दोन्हींत छापा, कारण तो कागद पुढे कारखान्याच्या भिंतीवर लागतो. त्यात वाक्यं कमी आणि आकडे-आकृत्या जास्त ठेवा. कन्नड मजकूर त्याच व्यवसायातल्या माणसाकडून वाचून घ्या. यांत्रिक भाषांतर मोल्ड, कोअर, स्लंप अशा रोजच्या शब्दांना भलतेच प्रतिशब्द लावतं. कार्यशाळेत जे शब्द बोलले जातात तेच दोन्ही लिपींत लिहायचे. जास्त खोल शिकायचं असेल तर एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींनी चालवलेले ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत आणि त्यांतल्या अनेकांचं लेखी साहित्य मराठीत आणि कन्नडमध्ये मिळतं. पाच-सहा सभासदांनी मिळून एकच अभ्यासक्रम घेतला आणि आठवड्यातून एकदा एकत्र बसले, तर तो पुरा व्हायची शक्यता बरीच वाढते.

ऑनलाइन आणि प्रत्यक्ष, दोन्ही एकत्र

हाताने करायचं प्रशिक्षण ऑनलाइन होत नाही. कायद्यातले बदल, करप्रणाली, नव्या मानकांची ओळख यांसाठी ऑनलाइन उत्तम. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांत बंद पडते, गूगल मीटची ६० मिनिटांत. दोन्हींत १०० जणांची मर्यादा. त्यामुळे ४५ मिनिटांचं व्याख्यान आणि १० मिनिटं प्रश्न असा वर्ग मीटवर बसतो.

सभागृहातला वर्ग थेट दाखवायचा असेल तर चित्रापेक्षा आवाजाकडे लक्ष द्या. सभागृहाच्या स्पीकरमधून फोनने टिपलेला आवाज घुमतो आणि ऐकणारे दहा मिनिटांत निघून जातात. वक्त्याच्या कॉलरला लावायचा साधा माईक फोनला जोडा. अपलोडचा वेग निदान ५ एमबीपीएस आहे का ते त्याच जागी, त्याच वेळी आदल्या दिवशी तपासा. यूट्यूबवर पहिल्यांदाच थेट प्रक्षेपण करणार असाल तर ती सोय चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. वीज जाणारच असं धरून राउटर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर ठेवा. प्रोजेक्टर गेला तर चालतं, आवाज जाता कामा नये.

हजेरी, प्रमाणपत्र, तास

हजेरीचा क्यूआर सुरुवातीला लावू नका, शेवटी दाखवा. फॉर्ममध्ये सभासद क्रमांक आणि वक्त्याने शेवटच्या दहा मिनिटांत सांगितलेला शब्द विचारा, आणि अर्ध्या तासात फॉर्म बंद करा. एका माणसाला एकच उत्तर ही सोय चालू करू नका: तिच्यासाठी गूगल खात्यात शिरावं लागतं आणि ज्येष्ठ सभासद तिथेच अडकतात. दुहेरी उत्तरं सभासद क्रमांकावरून नंतर काढता येतात.

प्रमाणपत्रावरचं नाव नोंदवहीतून घ्या, फॉर्ममधून नको. मराठीत छापत असाल तर आधी कुऱ्हाडे, गोऱ्हे, कुलकर्णी, मुळ्ये अशी नावं घालून पीडीएफ काढून बघा; अर्धा र आणि रफार अनेक सोप्या साधनांत तुटतात. नोटो किंवा मुक्त हे फॉन्ट सहसा दगा देत नाहीत. प्रमाणपत्रावर क्रमांक, विषय, तारीख, तास आणि पडताळणीचा क्यूआर असावा. तो क्यूआर ज्या पानावर नेतो तिथे फक्त नाव, विषय आणि तारीख दिसू द्या, मोबाईल नंबर नाही.

संघटनेचं प्रमाणपत्र आणि अधिकृत क्रेडिट (व्यवसायाच्या नियामक संस्थेने धरलेले शिक्षणाचे तास) यांत मोठा फरक आहे, तो सभासदांना आधीच सांगा. डॉक्टरांना पाच वर्षांत ३० तासांचं शिक्षण अपेक्षित आहे, पण क्रेडिट मिळण्यासाठी कर्नाटक मेडिकल कौन्सिलची मान्यता कार्यक्रमाच्या आधी घ्यावी लागते. नंतर अर्ज करून भागत नाही. चार्टर्ड अकाउंटंटना सीपीईचे, म्हणजे सतत व्यावसायिक शिक्षणाचे तास त्यांच्या इन्स्टिट्यूटच्या मान्य शाखा, अभ्यास मंडळं अशा घटकांतून मिळतात. कर सल्लागारांच्या संघटनेने ते तास स्वतः देऊ म्हणून जाहिरात करू नये. इन्स्टिट्यूटच्या बेळगाव शाखेसोबत संयुक्त कार्यक्रम आखावा.

फी किती ठेवायची

समजा सभागृह ३०००, वक्त्यांचं मानधन आणि प्रवास ३०००, छपाई ६००, किरकोळ ५००. हा ७१०० रुपयांचा ठरलेला खर्च. चहा-नाश्ता माणशी ६०. चाळीस जण धरले तर एकूण ९५००, माणशी २३८ पडतात, म्हणून फी २५० ठेवली जाते. आले २८, तर जमा ७०००, खर्च ८७८०, खड्डा १७८० चा. म्हणून नोंदणी चाळिसांची असली तरी हिशेब तिसांवर करा: खर्च ८९००, फी ३००. पैसे आधी घ्या. फुकट वर्गाला नाव नोंदवून न येणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी असते.

पदाधिकारी बदलताना

ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण एकही सुटू देऊ नका. ईमेल खात्याचा पासवर्ड आणि राखीव कोड, परत मिळवण्याचा नंबर, यूपीआय क्यूआरला जोडलेला मोबाईल, बँकेत सह्या बदलल्याचा ठराव, वेबसाइट असेल तर नावाच्या नूतनीकरणाची तारीख आणि ती कुणाच्या कार्डावर आहे ते, डीएलटीचं लॉगिन, यूट्यूब चॅनेल, व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन. हे सगळं एका कागदावर लिहून सर्वसाधारण सभेनंतर पंधरा दिवसांत नव्या-जुन्या दोन्ही सचिवांनी समोरासमोर बसून एकेक तपासायचं.

जुन्या सचिवांना सामायिक फोल्डरमधून काढण्याआधी त्यांनी स्वतःच्या खात्यावरून तयार केलेल्या फाइली शोधा. गूगल ड्राइव्हवर फाइलची मालकी ती बनवणाऱ्याच्या खात्याकडे राहते, फोल्डर संघटनेचा असला तरी. त्यांनी पुढे कधी आपलं खातं रिकामं केलं तर हजेरीचे फॉर्म आणि प्रमाणपत्रांच्या याद्या त्याच्यासोबत जातात. मालकी बदलण्याची विनंती जुन्या सचिवांनी पाठवायची आणि संघटनेच्या खात्यातून ती स्वीकारायची. ते जमत नसेल तर संघटनेच्या खात्यात प्रत करून घ्या, प्रतीतल्या ओळी मूळ फाइलशी मोजून जुळवा, आणि मगच त्यांना फोल्डरमधून काढा.